आधी देशकाल, मग रेघ

घरात पूजा असली की गुरुजी हातावर पळीभर पाणी देतात आणि संकल्प सांगतात. मागणं काय आहे ते शेवटी येतं. त्याआधी आपण कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलोय, संवत्सर कोणतं, ऋतू कोणता, तिथी कोणती, बसणाऱ्याचं नाव-गोत्र काय, हे सगळं उच्चारावं लागतं. लहानपणी मला याचा फार कंटाळा यायचा. देवाला आपला पत्ता ठाऊक नसतो का? वाहनांची चित्रं काढण्यात उमेदीची वर्षं गेल्यावर आता वाटतं, ‘कॉन्सेप्ट’ला आपण ‘संकल्पना’ म्हणतो त्याऐवजी नुसतं ‘संकल्प’ म्हणालो असतो, तर आमच्या धंद्यातला निम्मा घोळ टळला असता.

कॉन्सेप्ट वाहन म्हणजे मोटार प्रदर्शनात फिरत्या चौथऱ्यावर उभं असलेलं, विकत न मिळणारं, बहुतेक वेळा धड न चालणारं वाहन. त्याची चाकं अवास्तव मोठी असतात, आरसे नसतात, दारं उलटी उघडतात आणि शेजारी उभा राहून माणसं फोटो काढून घेतात. हे पुस्तक अशी वाहनं रेखाटू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. कारण ‘गाड्यांची चित्रं काढून पोट कसं भरणार’ हा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही.

गेली काही वर्षं विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ बघायचं काम माझ्याकडे येतं. त्यांत एक चित्र हमखास असतं. साल २०५०. रस्ता पावसानं चकचकीत झालेला, मागे उंच काचेच्या इमारती, मध्ये पाचरीसारखी बसकी गाडी. मी विचारतो, हे गाव कोणतं? मुलगा गोंधळतो. ‘सर, फ्युचर सिटी.’ गाडीत कोण बसलंय? ‘युजर.’ युजरचं वय काय, तो कुठून कुठे चाललाय, त्याच्या पायाशी पिशवी आहे का, गुडघे दुखतात का? यापैकी काहीच ठरलेलं नसतं. रेघ मात्र सुंदर असते, माझ्या त्या वयातल्या रेघेपेक्षा कितीतरी सफाईदार. पण देशकालाचा उच्चारच झालेला नाही, मग संकल्प कसला?

ज्यांना आपण या विद्येचे आद्य गुरू मानतो त्यांची कामं या नजरेनं पाहिली की गंमत कळते. हार्ली अर्ल हा लॉस एंजेलिसचा. त्याचे वडील घोडागाड्या बांधत. पुढे त्यांच्या कारखान्यात हॉलिवूडच्या नटांसाठी खास मोटारींच्या बॉड्या होऊ लागल्या. तिथे हा मुलगा मातीत आकार घडवून बघायला शिकला. १९२७ मध्ये जनरल मोटर्सनं त्याच्यासाठी ‘आर्ट अँड कलर’ नावाचा वेगळा विभाग काढला. मोटारीचं रूप ठरवायला कंपनीत स्वतंत्र खातं असावं, ही गोष्ट तेव्हा अभियंत्यांना थिल्लरपणाची वाटत असणार. १९३८ मध्ये अर्लनं ब्युइक वाय-जॉब तयार केली. पहिली कॉन्सेप्ट कार म्हणून तिचंच नाव घेतात. झाकले जाणारे दिवे, विजेवर वरखाली होणाऱ्या काचा, अंगाबरोबर बसलेल्या दारांच्या मुठी. ती विकायला कधी आलीच नाही. अर्ल स्वतः ती वर्षानुवर्षं चालवत राहिला. लोक रस्त्यावर थांबून बघत, आणि लोकांना काय बघावंसं वाटतं हे त्याला आयतं कळत असे. मंदीतून बाहेर येणाऱ्या अमेरिकेला ‘पुढचं वर्ष याहून बरं असेल’ असं कुणीतरी दाखवायला हवं होतं. वाय-जॉबचा देशकाल तो.

पुढे त्याच अर्लच्या हाताखाली कॉर्व्हेट झाली. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या प्रदर्शनात ती नमुना म्हणून ठेवली, लोक वेडे झाले, आणि जूनमध्ये उत्पादन सुरू. त्या वर्षी ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या. इतक्या झटपट संकल्प फळाला येण्याचं भाग्य पुढच्या पिढ्यांत फार थोड्यांना लाभलं.

मग इटलीतलं तुरीन. या गावाबद्दल मी बोलायला लागलो की थांबत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. बर्तोने, पिनिनफरिना, घिया अशा बॉडी बांधणाऱ्या पेढ्या एका गावात, आणि प्रत्येकीला शेजारचीवर मात करायची. १९७० साली पिनिनफरिनानं ‘मोदुलो’ नावाची उडत्या तबकडीसारखी गाडी जिनिव्हात मांडली, आणि त्याच वर्षी बर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीनं तुरीनमध्ये ‘स्त्रातोस झीरो’ आणली. उंची ८४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी. आत शिरायचं तर पुढची काच वर उचलून. असं सांगतात की नुच्चो बर्तोने स्वतः ही गाडी घेऊन लान्चिया कंपनीत गेले आणि फाटकावरचा आडवा बांबू वर व्हायची वाट न बघता त्याच्या खालून आत गेले. गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असेलही. पण परिणाम खरा आहे: लान्चियानं बर्तोनेला काम दिलं, त्यातून स्त्रातोस ही रॅलीची गाडी झाली आणि तिनं १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली स्पर्धेतलं उत्पादकांचं अजिंक्यपद घेतलं. ज्या गाडीत माणूस जेमतेम निजून बसत होता तिनं दारं उघडली, ती अशी.

झीरोची चित्रं प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये असतात. माझ्या लेखी मोठा संकल्प मात्र दुसऱ्याचा आहे आणि तो दिसायला साधा आहे. जोर्जेत्तो जुजारो. वडील आणि आजोबा चर्चच्या भिंती रंगवणारे चित्रकार. सतरा वर्षांचा असताना शाळेच्या प्रदर्शनात त्याची चित्रं फियाटचे मुख्य अभियंता दान्ते जाकोझा यांच्या नजरेस पडली आणि त्याला नोकरी मिळाली. फियाटमध्ये त्यानं जवळपास चार वर्षं काढली. त्याच्या हातचं काहीच रस्त्यावर आलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. पुढे त्याच माणसानं फोल्क्सवागन गोल्फ आणि फियाट पांडा घडवल्या, आणि १९९९ मध्ये त्याला शतकाचा मोटार डिझायनर ठरवण्यात आलं.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं टॅक्सी हा विषय घेऊन एक प्रदर्शन भरवलं. शहरातल्या टॅक्सीत चढता-उतरताना वाकावं लागू नये, चाकाची खुर्ची आत यावी, सामान राहावं, आणि गाडी रस्ता मात्र कमी अडवावी. जुजारोच्या इटालडिझाइननं त्यासाठी एक बुटकी नव्हे, उंच टॅक्सी केली. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, तोच विचार त्यानं खासगी मोटारीत आणला: लान्चिया मेगागामा. तेलसंकट होऊन गेलेलं, शहरं भरलेली, आणि गाड्या तरी लांबच लांब होत चाललेल्या. याचं म्हणणं असं की लांबी कमी करा, उंची वाढवा, तळ सपाट ठेवा आणि माणसाला खुर्चीवर बसल्यासारखं ताठ बसवा. लान्चियानं ती बनवायला नकार दिला. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निसान प्रेअरी आली, १९८४ मध्ये रेनो एस्पास आली, आणि आज आपल्याकडे सात माणसांचं कुटुंब ज्या उंच गाडीतून तुळजापूरला जातं तिच्या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर तुरीनच्या त्या नाकारलेल्या नमुन्यापाशी जावं लागतं. झीरो पाहून आपण थक्क होतो, मेगागामा पाहून काहीच होत नाही. तरी जग बदललं ते दुसरीनं.

आणि आता घरची गोष्ट. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः बांधली आणि १९७५ पर्यंत तिचे एकामागून एक सुधारलेले नमुने केले. सामान्य माणसाला बारा हजारांच्या आसपास मोटार मिळावी, हा त्यांचा हिशेब. स्टुडिओ नाही, मॉडेलर नाही, प्रदर्शनाचा चौथरा नाही. यंत्रमागांच्या गावात एक माणूस आपल्या डोक्यातली गाडी लोखंडात उतरवत बसला. मीरा बाजारात आली नाही. डिझाइनच्या इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेख मला कुठे दिसला नाही, म्हणून तो इथे ठळकपणे करतोय. कुणासाठी, कुठल्या रस्त्यासाठी, किती पैशांत, हे सगळं आधी बोलून मग पाणी सोडलेला तो संकल्प होता.

प्रेरणा कुठून येते, हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर नेहमी विचारतात, आणि विचारणाऱ्याला माझ्याकडून चित्ता, शार्क किंवा लढाऊ विमान असं काहीतरी ऐकायचं असतं. चित्त्याशी माझं वैर नाही. महिंद्रा एक्सयूव्ही ५०० चित्त्यावरून सुचल्याचं कंपनीनंच सांगितलं होतं, आणि तिच्या डिझाइनची धुरा वाहणाऱ्या रामकृपा अनंतन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेत शिकलेल्या; त्यांनी ती उपमा नुसती चिकटवली नाही, मागच्या चाकावरच्या फुगवट्यात दबा धरून बसलेल्या जनावराची मांडी आणली. पण दहापैकी नऊ जण चित्ता फोटोतूनच घेतात. फोटोतला चित्ता दुसऱ्या कुणीतरी बघितलेला असतो.

माझे आजोबा सुतार. बैलगाडीची चाकं करत. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि शेवटी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान असते. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की सांडशीनं धरून चाकावर चढवायची आणि धावत-पळत पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, धाव आकसायची आणि लाकडाचे सगळे सांधे करकरत एकमेकांत घट्ट बसायचे. मला वाटायचं आजोबा चाकाला शिक्षा करतायत. कॉलेजात धातूंच्या प्रसरणाचा धडा आला तेव्हा वर्गात मी एकटाच हसलो होतो. पुढे कितीतरी वर्षांनी एका इलेक्ट्रिक तिचाकीच्या कॉन्सेप्टवर काम करताना मी तिचा अख्खा सांगाडा बाहेरून एका पट्ट्यानं आवळलेला दाखवला. लोकांनी कौतुक केलं, कुठून सुचलं म्हणून विचारलं. मी आजोबांचं नाव सांगितलं तर त्यांना ती नम्रता वाटली.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त प्रेमानं लिहिलं आहे ते आपल्या तांब्यावर: तो कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कुठे जातो, धुताना हात आत जातो का, किंमत काय, शेवटी मोडीत काय मिळतं. परक्या माणसांना तांब्या दिसला, कारण त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. आपल्याला तो दिसत नाही, कारण रोज हातात असतो. डिझायनरची पहिली कसरत हीच: रोजच्या वस्तूकडे परक्यासारखं बघायचं. रिक्षावाला पावसात ताडपत्रीचा पडदा कुठे अडकवतो, भाजीवाली मोपेडच्या पुढच्या जागेत किती पाट्या बसवते, एसटीच्या पहिल्या पायरीवर म्हातारा माणूस आधी कोणता हात टाकतो. माझ्या वह्यांत गाड्यांपेक्षा हात जास्त आहेत.

कामाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गैरसमज फार आहेत. पहिलं चित्र गाडीचं नसतंच. आधी येतं ते ‘पॅकेज’: माणूस कुठे बसणार, त्याच्या कमरेचा बिंदू जमिनीपासून किती वर, चाकांमधलं अंतर किती, मोटर आणि बॅटरी कुठे. या सांगाड्यावर मग रेखाटनं चढतात. निवडलेलं रेखाटन भिंतीवर खऱ्या मापात काळ्या टेपनं काढायचं. एका हातानं टेप ताणायची, दुसऱ्यानं दाबत जायचं. पाच मीटर लांबीची एकच रेघ, आणि ती मध्ये कुठे दचकली तर लांबून लगेच कळतं. संगणकावर ‘एलियस’ या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग बांधतात, डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून गाडीभोवती फिरता येतं. तरी शेवटी माती येतेच.

ही माती म्हणजे शाडू नव्हे. मेण, तेल आणि भुकटी यांचं तपकिरी मिश्रण. जुन्या जातीत गंधक असायचं आणि स्टुडिओभर त्याचा वास. भट्टीत साधारण साठ अंशांना मऊ करून फोमच्या सांगाड्यावर थापायची, निवली की खरवडायची. शाडू वाळतो आणि तडकतो, ही वाळत नाही, त्यामुळे काल काढलेला खांदा आज परत भरता येतो. पेणचा गणपतीचा कारागीर आणि मोटारीचा क्ले मॉडेलर यांची बोटं मात्र एकाच जातीची. दोघेही डोळ्यांपेक्षा तळव्यावर जास्त विश्वास ठेवतात. आकार जमला की त्यावर पातळ चकचकीत फिल्म चढवतात आणि दिव्यांच्या सरळ रांगेखाली प्रतिबिंब बघतात. दिव्याची रेघ दारावरून वाहत गेली पाहिजे. अडखळली, तर तिथे अर्धा मिलिमीटर जास्त आहे. त्या अर्ध्या मिलिमीटरसाठी मी रात्री दोनला घरी गेलोय, आणि बायकोला ते आजतागायत पटलेलं नाही.

मग संकल्पाचं वाहन होताना काय होतं? दुचाकीचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. कॉन्सेप्ट मोटारसायकलचं शेपूट हवेत असतं, मागचं चाक मोकळं. आपल्याकडे १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मं तरी चाक झाकणारं संरक्षण हवं. तो साडीगार्ड. तरुण डिझायनर त्याला शिव्या देतात. मी म्हणतो, ज्या देशात बायका साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसतात त्या देशातला साडीगार्ड शेवटी चिकटवायची जाळी का व्हावी? पहिल्या रेखाटनात तो आला असता तर तोच गाडीचा चेहरा झाला असता.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक चांगली गोष्ट घडली. कॉन्सेप्ट आणि प्रत्यक्ष गाडी यांतलं अंतर कमी झालं. टाटांनी २०१८ मध्ये दाखवलेली एच५एक्स जानेवारी २०१९ मध्ये हॅरिअर म्हणून आली, आणि लोकांना दोन्हींचं नातं न सांगता कळलं. महिंद्रानं १५ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे नमुने एकदम मांडले, त्यातली बीई.०५ नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ई (आता बीई ६) होऊन आली, बरीचशी तशीच. पूर्वी इंडिकासारख्या गाडीच्या रूपासाठी आपण तुरीनच्या पेढीकडे जात होतो. आता आपल्याच कंपन्यांच्या स्टुडिओत काढलेली रेघ टिकते.

शिक्षणाचं सांगायचं तर प्रवेशपरीक्षा अशा: पदवीसाठी यूसीड, पदव्युत्तरसाठी सीड, आणि एनआयडीची स्वतःची परीक्षा. वाहन डिझाइन शिकायला एनआयडीचं गांधीनगर, १९६९ पासून चालत आलेली आयआयटी मुंबईतली आयडीसी, पुण्यातली एमआयटीची डिझाइन संस्था. बाहेर पॅसेडिना, लंडनचं रॉयल कॉलेज, कॉव्हेंट्री, फोर्त्सहाइम. फी जबर असते, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि सगळ्यांनी बाहेरचा आकार काढायचा हट्ट धरू नये. आतली बैठक, रंग आणि कापड, पृष्ठभाग बांधणं, माती, पडद्यावरची माहिती, या प्रत्येकात अख्खं आयुष्य जाईल एवढं काम आहे, आणि उमेदवारांची गर्दी तिथे कमी.

माझ्या पहिल्या नोकरीत, एका दुचाकी कंपनीत, मी चार वर्षं होतो. त्या चार वर्षांत माझ्या हातचं रस्त्यावर आलं ते एका स्कूटरच्या आरशाचं कव्हर. बाकी सगळं खणात गेलं; नंतर तो खणही कुणीतरी रिकामा केला. तेव्हा मला जुजारोची ती चार वर्षं माहीत नव्हती. माहीत असती तर थोडा कमी चिडलो असतो, एवढंच. आजही सिग्नलला ती स्कूटर शेजारी उभी राहिली की माझी नजर आधी आरशाकडे जाते. चालवणाऱ्याला वाटतं हा माझ्याकडे काय बघतोय.

हल्ली एआयला दोन ओळी लिहून दिल्या की मिनिटभरात भविष्यातल्या वीस गाड्या समोर येतात. रस्ता ओला, इमारती काचेच्या. मी ती चित्रं घाबरून नाही, ओळखीच्या कंटाळ्यानं बघतो. त्यांत तोच फ्युचर सिटीवाला मुलगा बसलाय, फक्त त्याचा हात आता फार वेगानं चालतो. यंत्र वापरा, जरूर वापरा. पण संकल्प सोडायला ते तुमच्या जागी बसू शकत नाही. नाव, गाव आणि तिथी तुमचीच सांगावी लागेल.

पुढची प्रकरणं क्रमानं वाचायची सक्ती नाही. मातीचं प्रकरण लांबलंय, ते माझ्या हौसेमुळे. परीक्षेच्या तयारीचं आखूड आहे, कारण ते दरवर्षी बदलतं. मात्र पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. साधी वही आणि बॉलपेन घेऊन जवळच्या एसटी स्टँडवर जा. गाडी फलाटाला लागेल, कंडक्टर घंटी देईपर्यंत तुमच्याकडे सात-आठ मिनिटं असतील. बस काढू नका. त्या पायरीवरून चढणारी माणसं काढा, आणि कोपऱ्यात गावाचं नाव, तारीख आणि वेळ लिहा.